मोऱ्याला गेलेल्या गोळ्या

माझ्या नणंदेला दोन नावं होती आणि त्यात आम्हाला कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं. मलाही दोन आहेत. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने जे लिहिलं ते आता माझं नाव. आधीचं माहेरी गेले की तेवढ्यापुरतं वापरात येतं. तसंच तिचं. घणसोलीत आमच्या घरी तिला जन्मापासून एका नावाने हाक मारत आले, आणि लग्न होऊन उरणजवळच्या मोऱ्याला गेली तेव्हा तिकडच्यांनी दुसरं ठेवलं. ती नावं मी इथे लिहीत नाही. घरचं नाव आणि मोऱ्याचं नाव, एवढं म्हटलं तरी कळेल.

मी सून म्हणून आले तेव्हा ती मोऱ्यालाच होती. सणाला यायची, येताना सुकी मांदेली आणायची. पुढे तिला काहीतरी व्हायला लागलं. झोप जायची, समोर कोणी नसताना बोलत बसायची. तिच्या नवऱ्याने तिला वाशीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, मोऱ्याच्या नावाने केसपेपर काढला, गोळ्या सुरू केल्या. मग एक दिवस तो तिला कपड्यांच्या पिशवीसकट आमच्याकडे ठेवून गेला. "चार दिस आराम करू दे," म्हणाला. सासूबाईंनी तेच धरून ठेवलं. गावात कोणी विचारलं की म्हणायच्या, "आरामाला आलेय." वर्षं गेली तरी ती आरामालाच आलेली होती.

गोळ्या घेतल्या की ती छान असायची. थोडी मंद, पण छान. भाकऱ्या थापायची, माझ्या मुलींच्या वेण्या घालायची. एकदा दवाखान्यातच गोळ्या संपल्या होत्या, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. तो आठवडा मी विसरणार नाही. ती भर दुपारी घरातून निघून गेली आणि खाडीत तिवरांच्या चिखलात कमरेपर्यंत उभी असलेली सापडली. चिखलात निवट्या मासे धरणाऱ्या बायकांनी तिला ओढून काढलं. तेव्हापासून मला बाकी काही कळो न कळो, एक कळत होतं. हिच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये.

दिवसभर तिला घरात एकटी ठेवणं बरं नव्हतं, म्हणून सासूबाईंनीच तिला तुर्भ्याच्या केंद्रात घातलं. एका संस्थेचं ते केंद्र. माळ्यावरचा एक मोठा हॉल, तिथे अशा बायका मणी ओवायच्या, पिशव्या शिवायच्या, दुपारी खिचडी मिळायची. नाव घालताना सासूबाईंनी साहजिकच घरचं नाव सांगितलं. आपल्या मुलीला दुसऱ्या नावाने हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. औषध काही चालू आहे का विचारलं तर "काय नाय, जरा अशक्त हाय," म्हणाल्या. त्यांना भीती होती की औषधाचं ऐकलं तर घेणार नाहीत.

असं सगळं चाललं होतं. सकाळी मी तिला तुर्भ्याला सोडायची तेव्हा ती घरच्या नावाची. महिन्यातून एकदा वाशीच्या खिडकीवर उभी राहायची तेव्हा मोऱ्याच्या नावाचा पुकारा झाला की मी पुढे व्हायची. मला यात कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ झाला तो कॉम्प्युटर आल्यावर.

केंद्रात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. त्याच्यासाठी प्लायवूडची वेगळी खोली केली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या होत्या. केंद्राच्या मॅडमनी आम्हा घरच्यांना बोलावून सांगितलं, की दवाखान्याचा कॉम्प्युटर आणि आपला कॉम्प्युटर आता जोडणार. कोणाला काय आजार, कोण कुठे येतं, सगळं दोन्हीकडे दिसेल. गोळ्या इथेच येतील. वाशीला रांग लावायची गरज नाही.

"म्हणजे त्या पेटीतून गोळ्या पडणार?" एका मुलीची आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मी हसले नाही, कारण माझ्याही मनात तसलंच काहीतरी आलं होतं. जोडणार म्हणजे तार असणार असं मला वाटलं. पुढचे काही दिवस बसमधून जाताना मी खांबांकडे बघत होते, नवी तार कुठली ते. कोणाला विचारायची लाज वाटली. नंतर कळलं की तार नव्हतीच. कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी होती, वाशीला सेक्टरमधल्या इमारतीत राहणारी, चटचट बोलणारी. ती दर शनिवारी एक चपटी काळी चकती पर्समध्ये घालून दवाखान्यात घेऊन जायची आणि तिकडची एक घेऊन यायची. तिला फ्लॉपी म्हणायचे. झालं, एवढंच जोडणं. एवढ्याशा चकतीत माणसं कशी मावतात ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पहिल्यांदा केंद्रात गोळ्या आल्या त्या दिवशी प्रत्येकीच्या पाकिटावर तिचं नाव छापलेलं होतं. मॅडम एकेक नाव वाचत होत्या, बायका उठून पाकीट घेत होत्या. पाकिटं संपली. माझी नणंद बसूनच राहिली.

"हिचं?" मी विचारलं.

"हिला औषध कुठे आहे?" ती मुलगी म्हणाली. "नो ट्रीटमेंट लिहिलंय."

मी पुढे बोलायला हवं होतं, पण एवढ्या लोकांत माझं तोंडच उघडेना. म्हटलं, वाशीला जाऊन नेहमीसारख्या आणू. गेले. खिडकीवरच्या माणसाने केसपेपर बघितला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आणि कागद परत सरकवला.

"तुमचं उरणला गेलं."

"काय उरणला गेलं?"

"गोळ्या. आता जो जिथे राहतो तिथल्या दवाखान्यात. तुमचा पत्ता मोरा आहे."

"आम्ही घणसोलीला राहतो."

"इथे मोरा आहे. बाई, मागे लोक उभे आहेत."

मी बाजूला झाले. मागे लोक खरंच उभे होते. बाहेर कट्ट्यावर बसून मी विचार करत राहिले. केंद्रातली मुलगी म्हणते ही बाई आहे पण हिला आजार नाही. खिडकीवरचा म्हणतो आजार आहे पण बाई इथे नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. मग माझ्या घरी जी भाकऱ्या थापते ती कोण? घरी गोळ्या होत्या, पण तळाला लागलेल्या.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम पनवेलकडच्या कोकणी मुसलमान, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांच्याशी बोलायला मला तेवढी भीती वाटायची नाही. त्यांनी मला चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. आत माघातल्यासारखं गार होतं. मुलीने बटणं दाबली, आणि काचेवर आधी एक नाव आलं, मग दुसरं.

"ह्या दोघी एकच?" मुलगी म्हणाली. "ताई, काहीच मॅच होत नाहीये. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. कॉम्प्युटरला कसं कळणार?"

"लग्न झालं ना तिचं," मी म्हणाले.

"ते मला कळतं हो. पण पहिलं नाव पण?"

मॅडम हसल्या. "आमच्यात बाईचं घर बदलतं, नाव तेच राहतं. तुमच्यात बाईच नवीन काढतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊस. दोन्हीची एक करू. फक्त एक नाव राहील, दुसरं काढावं लागेल. दोन्ही ठेवली तर पुन्हा हेच. कुठलं ठेवायचं सांग."

मला वाटलं होतं ते त्यांचं काम. त्यांनी ते माझ्यावर टाकलं. मी म्हणाले, घरी विचारून सांगते.

"विचार. पण यादी शनिवारी जाईल, तोवर उरणला जाऊन ह्या महिन्याच्या गोळ्या घेऊन ये. तिकडेच पडल्या असतील."

घरी सांगितलं तर सासूबाईंनी कोयता बाजूला ठेवला. मासळी कापत होत्या त्या.

"पोर माजी एक, नावा दोन. त्याच्यात त्या डब्याचा काय जातय?"

"एकच ठेवायचं म्हणतात, आई."

"मंग मोऱ्याचा ठेवा."

"मग गोळ्या उरणला जातात."

"मंग घरचा ठेवा नि मोऱ्याचा पन राहू द्या."

"तसं होत नाही म्हणतात."

हे तुर्भ्याच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. बनियनवर बसून चहा पीत म्हणाले, "घरचं टाक आणि विषय संपव. एवढ्या वर्षांत कोणी येऊन बघितलंय का तिला?"

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. "मोऱ्याचा नाव कापला म्हंजे लगीन कापला. मी जित्ती असताना माजे पोरीचा लगीन एक डबा मोडनार?"

नणंद तिथेच बसून लसूण सोलत होती. तिला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. मी पण नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती याचा मी खूपदा विचार केला आहे. ती दोन्ही हाकांना ओ द्यायची.

एवढं मात्र ठरलं की उरणला मी जायचं. सासूबाई येणार नव्हत्या. "मी गेले तर म्हनतील, पोरीला परत धाडायला आली," त्या म्हणाल्या. मी एकटी कधी एवढ्या लांब गेले नव्हते. चौथीपर्यंत शिकले असल्याने बसची पाटी वाचता येत होती, तेवढाच आधार. तिला केंद्रात सोडलं आणि वाशीहून उरणची बस धरली.

उरणच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी केसपेपर बघून यादीवर बोट फिरवलं.

"ह्या गोळ्या नेल्या की."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? बाई स्वतः आली होती."

एक क्षणभर मला खरंच वाटलं, की ती केंद्रातून निघून माझ्या आधी इथे पोहोचली. मी तिला मण्यांच्या परातीसमोर बसवून आले होते, तिच्या केसांचा वास अजून माझ्या हाताला होता. तरी मला तसं वाटलं.

"स्वतः?" मी म्हणाले.

"हो. रक्ताच्या गोळ्या न्यायला आली होती, तेव्हा हेही पाकीट निघालं तिच्या नावाचं, दिलं. सहावा लागलाय ना तिला? तुम्ही कोण तिच्या?"

मी काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले. सहावा महिना. माझ्या नणंदेला मूल झालं नव्हतं कधी. रिक्षावाल्याला मोरा म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्याने दोनदा विचारलं.

घर मला आठवत होतं, धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं. दारात बोंबील वाळत टाकले होते. उंबऱ्यावर एक बाई बसली होती, माझ्याहून लहान, पोट पुढे आलेलं, डोळे जड.

"कोन पायजे?" ती म्हणाली.

"मी घणसोलीची," मी म्हणाले.

आतून नणंदेचा नवरा बाहेर आला. मला बघून थांबला. मग त्या बाईला म्हणाला, "पानी दे वयनींना."

ती उठली, तांब्या आणला. मी पाणी प्याले आणि म्हणाले, "गोळ्या. दवाखान्यातून दुसरं पाकीट मिळालंय ना तुम्हाला, त्या."

"त्या गोल्या?" बाई म्हणाली. "अवो, त्यानी मना डोलाच उघरवत नव्हता. दोन दिस नुसती झोपून. हे म्हनले, घेऊ नको, काय तरी गरमी करतान."

"मना वाटला रक्ताच्याच," तो म्हणाला.

"नाव माजाच व्हता वर."

मी तिला विचारलं, तुमचं नाव काय. तिने सांगितलं. माझ्या नणंदेचंच मोऱ्याचं नाव. नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, घर तेच.

"म्हातारी सासू व्हती तवा," ती म्हणाली, जणू मी पाहुणी आलेय आणि ती मला घरातल्या गमती सांगतेय. "तिचे तोंडात दुसरा नाव बसंना. म्हनली, ह्येच राहू दे. मंग ताटात तोच लिवला."

तो खाली बघत होता. मग आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून पाकीट घेऊन आला. मी ते पदरात घट्ट धरलं. एवढं मात्र मी त्याला सांगितलं, आणि कसं सांगितलं ते मलाही माहीत नाही, की हिला लगेच डॉक्टरला दाखवा, सांगा की चुकून ह्या गोळ्या खाल्ल्यात. तो बरं म्हणाला.

रिक्षापर्यंत तो माझ्याबरोबर आला. "ती बरी हाय?" त्याने विचारलं.

"बरी आहे. मणी ओवते."

"आईना सांगू नका, वयनी. मीच येनार व्हतो." तो कधी येणार होता ते त्याने सांगितलं नाही.

परत येताना बसमध्ये मी एका प्रश्नाला धरून बसले. त्या बाईचा राग यायला हवा होता. येत नव्हता. तिने कोणाचं काही घेतलं असं तिला वाटतच नव्हतं. तिला जे नाव दिलं ते तिने घेतलं, जसं मी घेतलं. मग माझी नणंद त्या नावातून बाहेर कधी पडली? कोणी तिला काढलं? आणि तिला न सांगता काढता येतं का?

केंद्रात पोहोचले तेव्हा बायका घरी निघायच्या होत्या. कॉम्प्युटरवाल्या मुलीने विचारलं, "ठरलं का ताई?"

"घरचं ठेवा," मी म्हणाले. "मोऱ्याचं काढा. नाही, काढू नका. त्या नावाची बाई आहे तिकडे. तिला ह्या गोळ्या देऊ नका, एवढं लिहा."

"थांबा थांबा. तुम्ही म्हणालात त्या दोघी एकच."

"एकच आहेत. पण तिकडे आणखी एक आहे."

"म्हणजे तीन?"

"दोन."

"आधी दोनच्या एक होत्या, आता दोनच्या दोन?" मुलगी कपाळाला हात लावून हसायला लागली. खरं म्हणजे मलाही आकडा लागत नव्हता.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "दुसरं लग्न केलं त्याने?" मी मान हलवली. "आणि गोळ्या तिला दिल्या?" "पोटुशी आहे," मी म्हणाले. त्यांनी पुढे काही ऐकलं नाही. चप्पल न काढताच आत गेल्या आणि उरणच्या दवाखान्याला फोन लावला.

घरी सासूबाई अंगणात वाट बघत होत्या. मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन वजन बघितल्यासारखं केलं.

"मिलाल्या ना? मंग झाला."

"आई, मी घरचं नाव ठेवायला सांगितलं."

"कोनाला इचारून?"

मला वाटलं होतं की मी गप्प बसेन. त्या माणसाने सांगू नका म्हटलं होतं, आणि गप्प बसणं मला जमतं. पण आता मोऱ्याच्या नावाच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू केल्या तर त्या कोणाच्या पोटात जातील ते मला माहीत होतं. मी सांगितलं. ती बाई, तेच नाव, सहावा महिना, दोन दिवस झोपून राहिलेली.

सासूबाईंनी पाकीट ओट्यावर ठेवलं. मी खाली बघत उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "पोटुशी बाईला दिल्यान? त्या डाक्टरनीला डोले नाय का? पोराला काय झाला मंग?" आणि रागाने त्यांना रडू आलं. त्या कोणासाठी रडत होत्या ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. संध्याकाळी त्यांनी ह्यांना सांगितलं, मोऱ्याला कोणाहाती निरोप धाड नि बाई बरी हाय का बघ. लग्नाचं त्यांनी नाव काढलं नाही. पुढे केव्हातरी कळलं की मोऱ्याला मुलगी झाली, चांगली आहे.

पुढच्या महिन्यात केंद्रात पाकिटं आली. मॅडमनी नणंदेचं घरचं नाव वाचलं, मधे तिच्या वडिलांचं नाव, मग आमचं आडनाव. ती उठून पाकीट घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "वाच." मी वाचलं. तिने ऐकलं.

"आनि तिचा?" ती म्हणाली.

"कोणाचं?"

"मोऱ्याची. तिचा औषद?"

तिला त्या बाईचं कोणी सांगितलं होतं, की ती स्वतःलाच विचारत होती, मला अजून सांगता येत नाही. घरात आम्ही हळू बोलायचो, पण भिंती काय जाड नाहीत. मी म्हणाले, "तिला आता नको. ती बरी आहे."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, खरं सांगतेय का ते बघत असावी. मग तिने पाकीट फाडलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.